झोपलेल्या कांजिण्या

३ ऑक्टोबर १९७८, चिंचवड

नागीणच! डाव्या बरगडीवर फोडांची ओळ, आणि आग — निखारा ठेवल्यासारखी. पावसाळ्यातल्या तापानं आडवी केली, त्यातून अजून उठलेच नव्हते. भाकरी थापताना धाप लागते. हे गॅरेजवरून आले की म्हणतात, "झुलेखा, मनाचं आहे सगळं." घ्या, आता मनाला फोड आले!

शेजारच्या गोजाबाईंनी दोन्ही टोकांना गेरू लावला. "तोंडं जुळाया न्हाई पायजेत बघ."

५ ऑक्टोबर

पिंपरीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?" होत्या, शाळेत असताना. तर म्हणे, त्या गेल्याच नाहीत! मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहिल्या. तापानं अंग खचलं, पहारा ढिला पडला, तशा उठल्या. थकवाही त्या तापाचाच का? "असेल. आम्हाला तरी कुठं सगळं कळलंय!" डॉक्टरनं असं म्हणावं!

या अल्ला, पस्तीस वर्षं! माझं लग्न, शहाजादीचा जन्म, अम्मीचं जाणं — त्या आपल्या आत, गुपचूप. भीती वाटायला हवी. मला नवलच वाटतंय. राहून राहून बरगडीकडे हात जातो.

निघताना म्हणाल्या, ज्याला कांजिण्या आल्या नाहीत त्याला या फोडांतून येतात. गरोदर बाई तर लांबच हवी.

शहाजादीला कधीच आल्या नाहीत. आणि रविवारी ती पहिल्या बाळंतपणाला इथं येतेय!

६ ऑक्टोबर

यांना म्हटलं, देहूरोडला तिच्या सासरी निरोप द्या. "नागीण कधी लागते का कुणाला!" गेलेच नाहीत.

८ ऑक्टोबर

शहाजादी रिक्षातून पोट सांभाळत उतरली. मी आतूनच ओरडले — आत येऊ नकोस! सोबत आलेल्या विहीणबाई लालबुंद. "पहिलं बाळंतपण, आणि माहेरचं दार बंद?" गोजाबाईसुद्धा त्यांच्याच बाजूनं — "आगं, नागीण कुटं लागती व्हय?" शहाजादी रडत होती. "अम्मी, नुसता हात तरी धर." नाही धरला. त्याच रिक्षानं परत गेली. जीव तुटला माझा.

९ ऑक्टोबर

हे डबा न घेताच गॅरेजवर गेले.

१७ ऑक्टोबर

खपल्या पडल्या. डॉक्टरीणबाईंचं खोटं निघालं तर? पोर या जन्मात माफ करायची नाही.

२० ऑक्टोबर

गोजाबाईंच्या नातीला कांजिण्या आल्या. अख्ख्या आळीत तिला एकटीला. मी डॉक्टरकडे जायच्या आधी ती दुपारची माझ्याच कुशीत निजायची.

हे तिला बघून आले. माझ्याजवळ बसले. "शहाजादी या घरात असती तर..." एवढंच म्हणाले.