बाथरूमच्या दारावरचा तिसरा ठोका

तीर्थस्वरूप मामांना,

लांबूनच साष्टांग नमस्कार. (जवळून घातला की तुम्ही पाय मागे घेता आणि माझं कपाळ फरशीवर आपटतं, असा मागच्या भेटीचा अनुभव आहे.) तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईच्या नव्या घराला जिने फार आहेत असं मामीकडून कळलं. तिथले नळ, फरश्या, दारं-खिडक्या अजून तुम्ही स्वतः तपासताय आणि प्लंबर तुम्हाला लांबून पाहिलं तरी गल्ली बदलतो, हेही कळलं. ऐकून जिवाला बरं वाटलं. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. ताईला आणि भावोजींना माझा नमस्कार सांगा. सांगणार नाही हे माहीत आहे, पण पत्र वाचून झाल्यावर टेबलावर उघडं ठेवा, म्हणजे ते आपलं आपण घेतील.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहूनच तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. काय करू? फोन केला की तुम्ही “मामीशी बोल” एवढं म्हणून फोन तिच्या हातात देता. सध्या मामी इकडे आणि तुम्ही तिकडे. तेव्हा फोन कुणाच्या हातात द्यायचा असा पेच तुमच्यापुढे पडू नये म्हणून हे पत्र. आधीच सांगून टाकतो, मला काहीएक मागायचं नाही. ओळख नको, चिठ्ठी नको, नोकरी तर नकोच नको. (एक तुम्ही तुमच्या ऑफिसात शब्द टाकून लावून दिली होती. ती मी सोडली आणि त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत. दोघांनीही काहीतरी सोडलं, एवढंच आपल्यात साम्य.) मला नुसती एक बातमी सांगायची आहे, आणि ती पोटात मावत नाहीये.

मामा, आमचा अल्बम निघतोय! आमचा स्वतःचा! दुसऱ्या कुणाच्या तरी मागे अंधारात उभं राहून वाजवलेला नाही, आमच्या बँडचं नाव मोठ्या अक्षरात असलेला. सगळी गाणी झालीयेत, फक्त एक अडलंय. दुर्दैवाने अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांना नेमकं तेच सगळ्यात आधी वाजवायचंय. महिनाअखेर ते हातात पडलं तर अल्बम, नाही पडलं तर आम्ही आमच्या वाटेने आणि साहेब त्यांच्या. पण ते गाणं कुठे अडलंय हे सांगण्याआधी, मी एवढी वर्षं नुसत्या तारा छेडत बसलो नव्हतो हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण मामी तुम्हाला सांगायला लागली की तुम्ही पेपर झटकून मोठा आवाज करता म्हणे.

पहिल्या बँडमध्ये आम्ही चौघं होतो आणि चौघंही गिटारवाले, कारण चौघांनाही पुढे उभं राहायचं होतं. तो बँड एका कार्यक्रमात आटोपला. दुसऱ्या बँडला एका फर्निचरच्या दुकानाच्या उद्‌घाटनाचं काम मिळालं. मी सोलो वाजवत, डोळे मिटून, ऐटीत मागे मागे सरकत गेलो तो थेट एका उघड्या कपाटात, आणि दार आपसूक बंद झालं. (स्प्रिंगचं होतं. दुकानदार त्याचीच जाहिरात करत होता.) तर मामा, मी वाजवणं थांबवलं नाही! अख्खा सोलो कपाटात वाजवला. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या, कपाट तिथल्या तिथे विकलं गेलं आणि गिऱ्हाईक ते न्यायला आलं तेव्हा मला बाहेर काढण्यात आलं. तिसऱ्या बँडचा गायक स्वतःला गरुड म्हणवून घ्यायचा. शेवटच्या गाण्याला दोन्ही हात पसरून तो प्रेक्षकांच्या अंगावर झेप घ्यायचा. आमच्या गावात त्याची पहिली झेप झाली, तेव्हा प्रेक्षक फार सभ्य निघाले. त्यांनी बाजूला होऊन त्याला वाट करून दिली. गरुड पुढचे तीन महिने प्लास्टरमध्ये होता आणि बँड कायमचा.

मग मी कानसेनांच्या स्टुडिओत लागलो. (खरं नाव काही का असेना, सगळे त्यांना कानसेनच म्हणतात. शेजारच्या खोलीत कुणी घड्याळाला चावी दिली तरी यांना इकडे त्रास होतो.) पहिलं वर्ष मी फक्त वायरी गुंडाळल्या. त्यातही शास्त्र आहे. वायर कोपराभोवती गुंडाळायची नसते, तिला तिचा पीळ असतो, तो सांभाळून हातातल्या हातात वेटोळी घालायची. एकदा मी कोपराभोवती गुंडाळली तर कानसेन दिवसभर जेवले नाहीत. त्यानंतर जाहिरातींना गिटार वाजवलं. ती फिनाईलची जाहिरात लागली की तुम्ही टीव्हीचा आवाज बंद करता असं मामी सांगते. तर मामा, तुम्ही जो बंद करता तो मीच. आणि आता मी दुसऱ्यांच्या गाण्यांची निर्मितीही करतो. ती म्हणजे काय असं तुम्ही मामीला विचारलं होतंत (विचारलं होतंत! तिने लगेच मला कळवलं), तर तुम्ही ताईच्या घरी जे करताय तेच. स्वतः हातोडा न उचलता, दुसऱ्याने ठोकलेला खिळा वाकडा आहे हे सांगायचं. हे मला इतकं चांगलं जमतं की आपलं रक्ताचं नातं आहे याबद्दल शंका राहत नाही.

आता अडलेल्या गाण्याबद्दल. मी तुमच्याकडे राहायचो तेव्हाची आठवण करून देतो, फक्त रागावू नका. गिटारला जोडायचा माझा तो छोटा स्पीकर मी बाथरूममध्ये स्टुलावर ठेवायचो, कारण तुमच्या बाथरूमच्या टाइल्समध्ये आवाज जसा घुमतो तसा पुढे मला कुठल्याही महागड्या यंत्रात सापडला नाही. स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर, उपड्या बादलीवर मी, आतून कडी. आणि बाहेर तुम्ही, खांद्यावर टॉवेल. ठक, ठक. मग जरा थांबून तिसरा ठोका. मग “आटप!” हे रोज. त्या सगळ्या कॅसेट मी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. मागच्या आठवड्यात एक जुनी चाल शोधायला मी त्यातली एक लावली, तर कानसेन पलीकडच्या खोलीतून एकाच पायात चप्पल घालून धावत आले. हा ताल कुणाचा, हे कोण वाजवतंय, याला आत्ताच्या आत्ता बोलाव! मी म्हटलं, हा ताल नाहीये, हे माझे मामा आहेत, त्यांना आंघोळीला जायचंय.

ते ऐकून घेईनात. म्हणाले, या गाण्यात जे कमी पडतंय ते हेच. साहेबांना ऐकवलं, तर साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले! कॅसेटवरचं तसंच उचलावं म्हटलं, तर ठोक्यांच्या खाली माझं तेव्हाचं गिटार आहे, आणि ते किती बेसूर होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. मग नव्याने ठोकायचं ठरलं. स्टुडिओची सगळी दारं आवाज येऊ नये म्हणूनच बनवलेली. आत गादी, बाहेर गादी, तोफ डागली तरी फुस्स. कपाट ठोकलं, टेबल ठोकलं, पत्रा आणून ठोकला. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं दार ठोकलं, पण त्या दुसऱ्याच ठोक्याला दार उघडायच्या. पाच वेळा उघडलं आणि सहाव्यांदा हातात कात्री घेऊन उघडलं.

आमचा ड्रमर, ज्याला आम्ही धडाम म्हणतो, त्याचा हात घड्याळासारखा पक्का. तिथेच घोटाळा. ठोके अगदी चोख पडायचे आणि मेल्यासारखे वाटायचे. कानसेन ओरडले, अरे, रागाने मार. पण धडाम स्वभावाने गाय. त्याला राग यावा म्हणून आम्ही त्याचा डबा लपवला, तर तो म्हणाला, कुणाला तरी भूक लागली असेल, खाऊ दे.

शेवटी काल कानसेनांनी डब्यातल्या सगळ्या कॅसेट पहिल्यापासून ओळीने लावायला सांगितल्या. आणि मामा, इथून पुढचं जरा बसून वाचा. सुरुवातीच्या कॅसेटमध्ये तुमचा तिसरा ठोका दुसऱ्याच्या पाठोपाठ येतो. थोड्या दिवसांनी त्याला उशीर व्हायला लागतो. मग आणखी उशीर. पावसाळ्यातल्या एका कॅसेटमध्ये तर दोन ठोके पडतात, मी एक अख्खं कडवं वाजवतो, आणि मग तिसरा येतो. कानसेनांनी टेप थांबवला, चष्मा काढला आणि म्हणाले, हा माणूस दोन ठोके मारतो आणि मग दाराला कान लावतो. मी म्हटलं, शक्य नाही, तुम्ही माझ्या मामांना ओळखत नाही. तर त्यांनी शेवटची कॅसेट लावली. मी नोकरी सोडली त्याच्या आदल्या दिवसाची. दोन ठोके पडतात. मी गाणं वाजवतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटची तार पार विझून जाते. आणि मग तिसरा ठोका, इतका हळू की बोटाच्या पेरानेच मारला असावा. त्या दिवशी “आटप” नाहीच.

पकडलं मामा तुम्हाला! पुराव्यानिशी पकडलं! “डोकं उठवलंय त्या खुळखुळ्याने” असं तुम्ही घरभर सांगायचात, आणि खांद्यावर टॉवेल घेऊन, दाराला कान लावून अख्खं गाणं ऐकायचात! मी ताबडतोब मामीला फोन केला. ती हसून हसून बेजार झाली. म्हणाली, त्या वर्षी ह्यांचं बादलीतलं गरम पाणी रोज गार व्हायचं, आणि विचारलं की म्हणायचे, गार पाण्याने रक्ताभिसरण सुधारतं. मी फोन ठेवला आणि वायरींच्या ढिगावर बसून चक्क रडलो. धडामला वाटलं मला भूक लागलीये, त्याने त्याचा डबा आणून पुढे केला. मी खाल्ला. फार चांगला होता. मामा, इतकी वर्षं मला वाटायचं की माझं वाजवणं तुम्हाला कधीच आवडलं नाही, आणि ते मनाला फार लागून राहिलं होतं. आता तुम्ही नाही म्हणालात तरी माझा विश्वास बसायचा नाही. कॅसेट माझ्याकडे आहेत.

तर एवढीच बातमी. गुडघ्याला तेल लावत जा. प्लंबरला जरा श्वास घेऊ द्या.

“आटप” एवढी हाक मारलीत तरी ओ देणारा,
तुमचा भाचा

ता. क. : काही मागायचं नाही असं वर लिहिलंय, ते लिहिताना खरंच होतं. चार पानांत माणूस बदलतो. मामा, तुम्ही स्टुडिओत या आणि ठोका. दुसऱ्या कुणाला जमत नाहीये. शनिवारी गाडी घेऊन मी स्वतः ताईच्या दाराशी येतो. तुम्ही रस्ताभर बोलला नाहीत तरी चालेल, मी दोघांच्या वाटचं बोलेन. टॉवेल आणा.

आणखी एक ता. क. (दोन दिवसांनी, पत्र अजून खिशातच आहे) : स्टुडिओच्या दारांना आवाज नाही, मग ठोकायचं कशावर, असं तुम्ही नक्की विचारणार. त्याची सोय झाली आहे. तुमच्या बाथरूमचं दार इथे आलं आहे. ओरडू नका, शेजारी ताई असेल. ते जाड लाकूड, आतल्या बाजूला ठोकलेला पत्रा आणि मागून खुळखुळणारी कडी, असा तिहेरी आवाज दुसरीकडे कुठून आणणार? बिजागऱ्या सुताराने काढल्या, पण देखरेख मामीची होती आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी तीच बसून आली. घरी सध्या माशांच्या चित्रांचा पडदा लावलाय. दार परत कधी बसवायचं हे मी तिला विचारलं, तर म्हणाली, ते येऊन ठोकतील तेव्हा. तेव्हा आता तुम्ही घरी परत जाल तर पडद्याआड आंघोळ आहे, हे लक्षात असू द्या.

शेवटचं ता. क. : मामीनेही काल हौसेने ठोकून पाहिलं. तिचे ठोके मध्ये न थांबता पडतात. कानसेन स्वतःच्या स्टुडिओतून हात वर करून बाहेर आले. तेव्हा ते काम तुमचंच. दार आम्ही मोठ्या खोलीच्या मधोमध चौकट करून उभं केलंय. अलीकडे तुम्ही, पलीकडे बादलीवर मी. तिसऱ्या ठोक्याची अजिबात घाई करू नका, टेप भरपूर आहे. आणि तो मारावासाच वाटला नाही, तर या वेळी मी आतून कडी लावलेली नाही. सरळ आत या.