सुरतेसाठी ठेवलेले पैसे

खापर, मंगळवार, १२ ऑगस्ट

आज रेखाला दवाखान्यातून घरी आणलं. बाळ पोटात आडवं होतं, वेळ नव्हता, म्हणून खाजगीत सिझर करावं लागलं. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे खर्च आमचाच. माझ्या छातीतली गाठ तपासायला सुरतेला जायचं म्हणून सहा महिने शिवणकाम करून जमवलं होतं, ते सगळं तिथे भरलं. न भरून काय करणार होते? पोर समोर तळमळत होती.

दुपारी जेवताना तिनेच विचारलं, "आई, तुले सुरतले कव्हय जानं शे?"

"आते काय जानं नई. गाठ बठी गई," मी म्हणाले.

कसं निघालं तोंडातून, कोण जाणे. काल आंघोळ करताना हात लावून पाहिला होता. बसली कुठली, वाढलीच आहे. कडकही झाली आहे.

हे खाटेवर बसून ऐकत होते. दुधवाल्याच्या मापावरही विश्वास न ठेवणारा माणूस. "मंग बरं व्हयनं," एवढंच म्हणाले. कधी बसली, कोणी सांगितलं, काही नाही. विचारलं असतं तर मी रडलेच असते. मग पैसे आणायचे कुठून, हे दोघांना बोलावं लागलं असतं.

पुन्हा जमवायचं म्हणजे आणखी सहा महिने. तोवर गाठ थांबेल? मला नाही वाटत.

संध्याकाळी त्यांनी नात उचलून माझ्या मांडीवर दिली. माझ्या तोंडाकडे मात्र पाहिलं नाही.