क्लॉडेटचे कापलेले श्वास

मी, ग्रॅहम आर्थर टोव्ही, वय चौसष्ट, राहणार ईस्टन, ब्रिस्टल, धंदा पूर्वी कपडे धुण्याची यंत्रे दुरुस्त करण्याचा व नंतर गाणी बनवण्याचा, आज डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःहून, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते येथे लिहून ठेवत आहे. याआधीचे एक मृत्युपत्र ड्रॉवरमध्ये आहे, ते रद्द समजावे. त्यात मी खरे लिहिले नव्हते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. फुप्फुसे मात्र अगदी ठणठणीत आहेत, असे डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. का, ते पाचव्या कलमात येईल.

कलम पहिले. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी शेजारच्या विल्फ्रेड गॅमनला नेमतो. विल्फने सगळा जन्म टायरच्या दुकानात काढला. आमच्या गाण्यांतले त्याला ओ की ठो कळत नाही आणि त्याने कधी कळल्याचा आवही आणला नाही, म्हणून त्याच्यावर माझा भरवसा आहे. तो साक्षीदारही आहे. आमच्याकडच्या कायद्याप्रमाणे जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, म्हणून विल्फला काही ठेवलेले नाही. माझी शिडी त्याने मी जिवंत असतानाच नेली आहे. ती कोणी परत मागू नये.

कलम दुसरे. सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवणारे यंत्र, शहरातल्या संगीताच्या कॉलेजला द्यावे. जुन्या रेकॉर्डवर गाणे थांबून मध्येच ड्रम एकटा वाजतो, तेवढा तुकडा उचलायचा, त्याच्या चिंधड्या करायच्या आणि उलटसुलट जोडून दुप्पट वेगाने पळवायच्या, हे काम मी या यंत्रावर केले. त्याला ब्रेकबीट म्हणतात. त्यावर क्लॉडेट मिनॉट गायची, सावकाश, चर्चमध्ये गातात तशी. खाली सगळी पळापळ आणि वर ती निवांत. आम्ही दोघेच. तिच्या आईच्या परसातल्या कोळशाच्या खोलीत रेकॉर्डिंग करायचो, म्हणून नाव ठेवले 'कोल शेड'. यंत्राचे चौथे बटण अडकते. ते दुरुस्त करू नये, तसेच शिकावे.

कलम तिसरे. माझा धाकटा भाऊ कीथ यास एक तीन पिनांचा प्लग. तो बुटांच्या खोक्यात आहे, वर त्याचे नाव आहे. १९९० साली कीथच्या लग्नात क्लॉडेट आणि मी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवले. दुसरे गाणे रंगात आले होते. तेवढ्यात सासऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या म्हणून नवरदेव उठला आणि त्याने आमचा प्लग काढला.

"पुरे हं तुमचं धोपटणं," कीथ म्हणाला. "आणि तुझ्या त्या बाईला सांग, तिचं जेवण स्वयंपाकघरात ठेवलंय."

क्लॉडेट स्वयंपाकघरात गेली नाही. मेलेला माइक हातात धरून तिने गाणे शेवटच्या ओळीपर्यंत म्हटले, नवरीला "सुखी राहा" म्हणाली आणि कोट चढवला. मी प्लग तारेपासून कापून खिशात घातला. त्या दिवसापासून कीथशी बोललेलो नाही. दर नाताळला त्याचे कार्ड येते, मी उघडत नाही.

कलम चौथे. माझे राहते घर, आतल्या सामानासह, क्लॉडेटची मुलगी आयोनी मिनॉट हिला. आयोनी शहरात बस चालवते. दर गुरुवारी ड्युटी संपली की गणवेशातच, गरम खिम्याच्या पॅटिस घेऊन माझ्याकडे येते आणि मी पथ्य पाळत नाही म्हणून माझी खरडपट्टी काढते.

तिला मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि धुण्याच्या टोपलीत बसून टाळ्या वाजवत होती. पैसे टाकून कपडे धुवायचे ते दुकान होते. मी एका यंत्राखाली आडवा पडून पट्टा बदलणार होतो. यंत्र एका बाजूला कलून धडधडत होते आणि कोणीतरी त्या धडधडीवर गात होते. मी वर पाहिले, तर चर्चमधल्या गायकांचे झगे धुवायला आलेली एक मुलगी.

"मिस्तरी, एवढ्यात बंद करू नका हो," ती म्हणाली. "फार छान वाजतंय. माझं कडवं तरी होऊ दे."

ती क्लॉडेट. मी पट्टा बदलला नाही. दुकानाच्या मालकाने मला हाकलले, आणि आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट मला त्या दिवशी मिळाली. आमच्यात प्रेमबीम होते का, असे लोक विचारत. ती विचारणाऱ्याला म्हणायची, "याच्याशी? हा पंख्याचाही आवाज मोजत बसतो." मला विचाराल, तर माझ्या बाजूने होते. आता लिहायला हरकत नाही.

कलम पाचवे. निळा बिस्किटांचा डबा आणि त्याच्याखाली ठेवलेली ध्वनिफितीची रिळे, हीही आयोनीला. यात काय आहे ते नीट सांगितले पाहिजे.

क्लॉडेटचे गाणे आधी फितीवर उतरवायचो. आमच्या धावत्या ठेक्यात दोन ओळींमधला तिचा श्वास मला कचऱ्यासारखा ऐकू यायचा. म्हणून मी ब्लेडने फीत कापून श्वास काढायचो आणि त्या जागी तेवढीच कोरी फीत चिकटवायचो. या धंद्यात थोडेफार सगळेच करतात, मी एकही सोडला नाही. लोक वेडे झाले. 'ही बाई श्वास घेते तरी कधी?' असे छापून आले. त्या कौतुकाने मी फुगलो होतो.

"टोव्ही, तू माझा मासा केलास," क्लॉडेट म्हणायची. "आता स्टेजवर मी काय करू? तिथे तुझं ब्लेड येणारे का?"

स्टेजवर ती तोंड फिरवून, चोरून श्वास घ्यायची. हॉलंडमध्ये रॉटरडॅमला तिसऱ्या गाण्यात ती स्पीकरवर बसली ती कार्यक्रम संपेपर्यंत उठलीच नाही. मी तिच्यावर चिडलो. चार हजार माणसांसमोर ठेका चालू होता आणि वर गाणे नव्हते, एवढेच मला दिसले.

कापलेले श्वास मी फेकले नाहीत. यंत्रे दुरुस्त करणारा माणूस काढलेला स्क्रू टाकून देत नाही. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावली, कुठल्या गाण्याचा, कुठल्या ओळीआधीचा, कुठल्या तारखेचा, आणि डब्यात ठेवला. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी एका गाण्यातून नऊ तुकडे निघायचे, वीतवीतभर लांब. शेवटच्या रेकॉर्डच्या वेळी, १९९७ साली, एका गाण्यातून एकतीस निघाले. ते बोटाएवढे होते.

मला दिसत होते. मी ते रोज हातात धरत होतो.

"क्लॉडेट, सारखा सारखा श्वास काय घेतेस? माझं ब्लेड झिजलं," मी म्हणालो.

"तिशी उलटली रे बाबा. आणि हल्ली छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. दाखवून येऊ का डॉक्टरला?"

"ये की. पण आधी रेकॉर्ड होऊ दे. महिन्याभराचा तर प्रश्न आहे."

महिन्याचे सात महिने झाले. मी माइक जवळ घेतला, मग लांब केला, खोलीला गालिचे लावले, नवे ब्लेड आणले. बिघाड शोधत होतो, आणि माणूस सोडून सगळीकडे शोधला. फुप्फुसे आतून घट्ट होत जाण्याचा तो आजार होता. वर्षभर आधी आली असती तर औषधाने थोपवता आला असता, असे डॉक्टर म्हणाले. क्लॉडेट १९९८च्या फेब्रुवारीत गेली. बत्तीस वर्षांची होती.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होते. बारा वर्षांची आयोनी भाताची ताटली घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ग्रॅहम अंकल, तुम्ही रोज कानाला हेडफोन लावून आईलाच ऐकायचात ना? तुम्हाला काही कळलं नाही?"

"नाही गं पोरी," मी म्हणालो. "काहीच कळलं नाही."

ते खोटे होते. आयोनी, ते खोटे होते. माझ्याकडे डबाभर पुरावा होता. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, मोठी झालीस, माझ्यासाठी खायला आणू लागलीस, आणि मी ते गिळत राहिलो. माफी मागायचे तोंड मला नाही. मी फक्त एक काम केले आहे. गेली तीन वर्षे बसून शेवटच्या रेकॉर्डमधला एकेक श्वास जिथून कापला होता तिथे परत जोडला आहे. ती रिळे तुझी आहेत. आधीच्या रेकॉर्डचे श्वास अजून डब्यातच आहेत.

कलम सहावे. आमची गाणी कोणाला पुन्हा काढायची असतील तर त्यांनी ती श्वासासकट काढावीत. लोकांना आवडणार नाहीत. नाही आवडली तर राहू द्या.

कलम सातवे. हे कलम आजच, सह्यांच्या आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिले आहे. अक्षर वाकडे आले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

साक्षीदार म्हणून विल्फ आणि त्याची बायको नोरीन येणार होते. नोरीनची दाढ सुजली, विल्फ एकटाच आला. आज गुरुवार हे माझ्या लक्षातच राहिले नाही. आयोनी पॅटिस घेऊन दारात उभी, आणि विल्फ खूश.

"ही आहे की! आयोनी, इकडे ये. कागदावर एक सही ठोक, म्हणजे मी घरी जायला मोकळा."

"तिची चालणार नाही," मी म्हणालो.

"का बरं?" आयोनीने विचारले. "बसवाल्यांच्या सह्या चालत नाहीत वाटतं?"

"तुझं नाव आहे आत."

ती हसली आणि तिने कागद ओढून घेतले. मी अडवू शकलो असतो. अडवले नाही. कोट न काढता ती उभ्याउभ्या वाचू लागली, पाचव्या कलमाला खुर्चीत बसली. विल्फ दोनदा खाकरला. "मी नंतर येऊ का?" त्याने विचारले. "बसा विल्फ," ती म्हणाली. शेवटपर्यंत वाचून तिने कागद टेबलावर ठेवले.

"सांगायला सव्वीस वर्षं होती तुमच्याकडे," आयोनी म्हणाली.

"धीर झाला नाही गं."

"आणि मेल्यावर होणार होता? छान! म्हणजे मी कोणावर ओरडायचं? विल्फवर?" तिचा आवाज फाटला. "आणि हे घर कसलं? भरपाई?"

मी होय म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

"एका प्लगसाठी सख्ख्या भावाशी चौतीस वर्षं अबोला धरलात तुम्ही. आणि मी मात्र घर घेऊन गप्प बसायचं?"

तिने गणवेशाच्या खिशातून पेन काढले. विल्फ ताडकन उठला. "अगं ए, वेडी का काय? तू सही केलीस तर तुला घर मिळायचं नाही. कायद्याने ते कीथकडे जाईल!"

"जाऊ दे. प्लग देताय त्यांना, मग तो लावायला भिंत नको?"

विल्फला हसू फुटले, मलाही, आणि मग मला त्या हसण्याची लाज वाटली. मी म्हणालो, नव्याने लिहितो, घर दुसऱ्या कोणाला देतो. तिने कागदावर हात ठेवला.

"एक अक्षर बदलायचं नाही. आईबद्दलचं तर नाहीच नाही. आणि ती कार्डं उघडा आधी."

"आणि डबा?" मी विचारले. टेबलावरचा डबा तिने केव्हाच उचलून मांडीवर घेतला होता.

"डबा आणि रिळं मला आत्ता हवीत. तुमच्या हातून. तुम्ही गेल्यावर हे मला एकटीला ऐकायला लावणार होतात, अंकल? मशीन लावा. आणि इथे बसा, माझ्यासमोर."

मी शेवटच्या रेकॉर्डमधले पहिले गाणे लावले. ठेका ठेवला नाही, नुसता आवाज. पहिल्या ओळीआधी क्लॉडेटने श्वास घेतला.

"आई दमलीय," आयोनी म्हणाली.

पहिल्याच श्वासाला. १९९७ साली मी एवढेच ओळखून म्हणायला हवे होते.

आम्ही त्या गाण्यातले एकतीसही श्वास ऐकले. ती रडली, मी रडलो, विल्फने उगाचच किटली चढवली. माफ केले असे ती म्हणाली नाही आणि मी विचारले नाही. पुढच्या गुरुवारी दुसरे गाणे ऐकायचे ठरले आहे. डबा व रिळे आज हातोहात दिली, म्हणून पाचव्या कलमातील देणे पुरे झाले. चौथे कलम खालच्या दुसऱ्या सहीने रद्द होईल, हे मला माहीत आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि दोन्ही साक्षीदार एकाच टेबलाशी हजर असताना त्याखाली सही करत आहे.

ग्रॅहम आर्थर टोव्ही

ठिकाण : ईस्टन, ब्रिस्टल
दिनांक : गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार पहिला : विल्फ्रेड गॅमन, निवृत्त, टायर दुरुस्ती

साक्षीदार दुसरी : आयोनी पर्ल मिनॉट, बसचालक, क्लॉडेटची मुलगी. सहीचा परिणाम माहीत असून सही केली.