पश्चात्तापाची ओळ

रवि., २९ जाने. ५६

पाळकसाहेबांनी आज उपदेशाला बायबलातल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय घेतला. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. पाऊण तास! डोळे दोनदा आमच्या बाकाकडे. पोलिसांनी शमूला धरून दहा दिवस झाले, सगळ्या मंडळीला ठाऊक. पण प्रार्थनेत त्याचं नाव नाही. आजाऱ्यांसाठी झाली, प्रवासाला गेलेल्यांसाठी झाली. कोठडीतला माझा मुलगा कशातच बसला नाही.

घरी येताना हे म्हणाले, "जपून बोल हो. पाळकांच्या चिठ्ठीवरच सुटेल तो."

मी बोललेच कुठे? गीतपुस्तक जरा जोरात मिटलं, एवढंच.

सोम., ३०

डोकं भणभणतंय. शाळेत चौथीच्या पोरींवर उगाच डाफरले.

शमूने केलं काय? डिलाईल रोडला मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला, शेजारच्या सावंतीणबाईंचा गणू मांडीत गोळी लागून पडला. सगळे पळाले. हा परत फिरला, गणूला खांद्यावर घालून इस्पितळात नेलं. तिथेच दारात धरला. सदऱ्यावर रक्त, म्हणजे दंगलखोर! हातात दगड नव्हता, झेंडा नव्हता. आणि झेंडा असता तर? मुंबई आमची नाही का? चाळीतले म्हणणार, "तुम्ही ख्रिस्ती लोक यात कुठले पडायला!" आणि पडलं की देवळातले म्हणणार, कशाला पडलात.

नाताळात रविवारच्या शाळेने चांगल्या शोमरोन्याचं नाटक केलं. वाटेत पडलेल्या जखमीला उचलणारा शोमरोनी शमूच होता. बसवलं कोणी? पाळकसाहेबांनी. टाळ्याही वाजवल्या.

गुरु., २ फेब्रु.

घरची प्रार्थनासभा आज आमच्याकडे. ज्याचं घर त्याने उतारा निवडायचा, पाळकांनी आयत्या वेळी त्यावर बोलायचं, ही रीत. हे म्हणत होते तेविसावं स्तोत्र घे. मी शोमरोन्याची गोष्ट काढून पुढ्यात ठेवली. मुद्दाम.

बोलले छान. बोलणं कधी वाईट नसतंच त्यांचं. जखमेवरचं तेल, द्राक्षारस, यरीहोची वाट, सगळं आलं. डिलाईल रोड तेवढा आला नाही.

सावंतीणबाई दारात बसून ऐकत होत्या. आमेनच्या आधीच म्हणाल्या, "पाद्रीबाबा, ह्यो गोष्टीतलो माणूस म्हणजे आमचो शमूच मां? मग तेका कित्याक धरल्यानी?"

पाळकसाहेबांनी चहा अर्धा टाकला. मला इतकं बरं वाटलं! देवा, क्षमा कर.

नाहीतर राहू दे. नको करूस.

शुक्र., ३

सकाळीच पाळकसाहेबांची चिठ्ठी आली. मुलगा सुशील, उपासनेला नियमित, वगैरे. आणि शेवटी: 'झाल्या कृत्याचा त्याला मनापासून पश्चात्ताप होत आहे.'

कुठल्या कृत्याचा?? गणूला रस्त्यात मरू दिलं नाही, त्याचा?

तडक त्यांच्या घरी गेले. म्हटलं, ही ओळ खोडा.

"बाई, त्या ओळीवरच तर सुटणार तो."

"पण खोटं आहे ते."

"ठाऊक आहे मला. लिहिताना मला बरं वाटलं असेल काय? तुम्ही आई आहात, आज मास्तरीण होऊ नका."

खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा यांनीच शमूकडून पाठ करून घेतली. तसं तोंडावर सांगितलं. ढोंगी म्हटलं. त्या गोष्टीतला याजक म्हटलं, जखमीला बघून बाजूने गेलेला. त्यांची बायको आतून आली, तरी थांबले नाही. जिन्यात चपलेचा अंगठा तुटला, अनवाणी घरी आले.

शनि., ४

कोठडीत शमूची भेट मिळाली. पाच मिनिटं. शमू फार उतरलाय. ओठ फुटलेला. विचारलं तर "पडलो" म्हणाला. गणूचा पाय राहिला का, हे त्याने आधी विचारलं. राहिला, म्हटलं. तेव्हा कुठे हसला.

मग म्हणाला, "आई, माफी मागून सोडवणार असाल तर मी इथंच बरा. पाळकांनी काही लिहिलंय का तसं?"

"नाही रे. काही नाही लिहिलं."

चिठ्ठी पिशवीत होती, त्याच्या डब्याखाली. डबा काढताना हाताला लागली.

काल पाळकांना काय काय बोलून आले मी!

सोमवारी दहाला तिथले साहेब भेटणार, चिठ्ठी त्यांना द्यायची. हे दोनदा म्हणाले, "मी जातो, आण ती चिठ्ठी इकडे."

अजून दिलेली नाही. फाडलेलीही नाही.