शेवंतीची होडी सोडण्याबाबत

मी, दत्तप्रसाद विठोबा कुबल, वय सत्तावन्न, धंदा एका दैनिकाची बातमीदारी व संस्कृतच्या शिकवण्या, राहणार तोंडवली, तालुका मालवण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहीत आहे. येत्या आठवड्यात गोव्यातल्या इस्पितळात माझे हृदय उघडणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. असे म्हणणाऱ्यांच्या बातम्या मी बरीच वर्षे देत आलो, म्हणून ही तजवीज.

कलम १. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. बातमीदारीच्या मानधनात चौथराही झाला नसता. दहावीच्या पोरांना संस्कृतात पैकीच्या पैकी मिळवून देण्यावर भिंती उभ्या राहिल्या. हे घर मी माझी थोरली बहीण रुक्मिणी, जिला मी आका म्हणतो, हिला पूर्ण मालकीने देत आहे. धाकटा भाऊ धनेश याने समुद्राकडची खोली पर्यटकांना देऊन आकाला मागच्या पडवीत हलवण्याचा बेत केला आहे. "तिका खिडकी कित्याक व्हयी?" असे तो माझ्यासमोर म्हणाला. ती खोली आकाची आहे. खिडकीसकट.

कलम २. धनेशला विहिरीकडचे माड आणि माझा संस्कृत-मराठी शब्दकोश. 'भगिनी' या शब्दापाशी खूण घातली आहे.

कलम ३. समुद्राकडच्या खोलीतले टीव्ही व खेळाचे यंत्रही आकाचे. याचा इतिहास थोडक्यात असा. असल्या खेळांनी पोरे बिघडतात, असा लेख लिहिण्यासाठी मी यंत्र विकत आणले. लेख अजून व्हायचा आहे. खेळ जुन्या काळचा, तलवारी आणि शिडांचा. त्यात एक बाई जहाजाची कप्तान असते. तिचे मूळ नाव जिभेवर बसेना म्हणून आकाने ते शेवंती केले. मी संवाद वाचून मराठीत सांगतो, तलवार आका चालवते. जन्मभर सुरमई कापलेल्या हाताला शत्रू तो काय. मूळ कथा आम्ही गेल्या हिवाळ्यात संपवली.

मग ज्येष्ठात मी त्याच खेळाची जोडकथा विकत घेतली. महाभारताला जसे खिलपर्व, तसे हे. मुख्य ग्रंथ संपल्यावर उरलेले सांगणारे. शेवंतीचे खलाशी दूरच्या बेटावर कैद आहेत आणि तिने होडी घेऊन निघायचे, ही सुरुवात. आकाने कंट्रोलर खाली ठेवला.

"पावसात होडी? ह्या बायेक सांगणारा कोण नाय काय घरात?"

"आका, तो समुद्र आपला नव्हे. तिकडे पाऊस नाही."

"दर्यो सगळो एकच रे दत्ता. नारळी पुनवेक नारळ पडल्याबगर होडी सुटाची नाय."

सरकारी बंदी जुलैअखेर उठते, तेव्हा निघू, असे सुचवून पाहिले. "सरकार खंय दर्यात जाता?" तेव्हापासून शेवंती किनाऱ्यावरच औषधी पाला गोळा करते आणि चोर बडवते. आता चोर तिला लांबून पाहूनच पळतात. खलाशी कैदेतच.

कलम ४. मुख्य कलम हे. शस्त्रक्रिया नारळी पौर्णिमेच्या आधी आहे. मी परतलो नाही तर पौर्णिमा सुतकात येईल. सुतकात आका नारळ घालणार नाही, नारळ नाही तर होडी नाही, आणि पुढे ती ते यंत्र कधीच उघडणार नाही. मी तिला ओळखतो. खोली रिकामी दिसली की धनेश तिथे पलंग टाकेल. म्हणून आज्ञा करतो की, नारळ शेजारचे मच्छीमार, रापणकर गुरुदास तांडेल यांनी समुद्रात सोडावा आणि आकाने त्याच दिवशी शेवंतीची होडी सोडावी. धर्मशास्त्रात या यंत्राला सुतक सांगितलेले नाही. मी पाहिले आहे.

हे वाचून दाखवले तेव्हा आका म्हणाली, "आणि तू नाय तर ता इंग्लिश कोण वाचतलो?"

कलम ५. ते काम इमेल्डा आल्मेडा, निवृत्त शिक्षिका, यांचे. त्यांना मोबदला ठेवलेला नाही, कारण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणतात. चहा द्यावा. त्या आवाज काढून वाचतात, ते सहन करावे.

"तू इलंस की सोडूया," असेही आका म्हणाली. ही हरकत नामंजूर. मी आलो तर शेजारी बसून पाहीन, उशिरा आल्याबद्दल तक्रार करणार नाही. पण माझी वाट पाहत कोणाला कैदेत ठेवू नये. बेटावर कोण सापडते, कोण वाचते, हे मला कळले नाही तरी चालेल. तिला कळले पाहिजे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यात पुढे फेरफार केलाच, तर तोही मीच करीन, धनेशच्या सांगण्यावरून नव्हे.

स्थळ तोंडवली. श्रावण शुद्ध तृतीया, दि. २७ जुलै २०२५.

सही: द. वि. कुबल

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. इमेल्डा आल्मेडा (वाचनाचे काम मान्य. आवाज काढणारच.)
२. गुरुदास तांडेल (नारळ माझ्याकडे लागलो.)

रुक्मिणी हिला मिळकत मिळत असल्याने सही करता येत नाही. ती दारात उभी होती. "होडी सोडतंय" म्हणाली, तेवढे साक्षीदारांसमोर लिहून घेतले.