अळ्यांचे टब

आये, तू गेल्यावर आम्ही किन्हवलीजवळ माळावर ब्रॉयलरचं शेड घातलं. तुझ्या कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरत हिंडायच्या. आमचे पक्षी जागचे फारसे हलत नाहीत, नुसते खातात. यंदा सोयापेंड परवडेना, तेव्हा एक व्यापारी दुसऱ्याच खाद्याची गोणी घेऊन आला. तपकिरी भुकटी, जळक्या केसांसारखा वास. कशाची म्हणून विचारलं, तर म्हणतो, "प्रोटीन आहे, ताई." पुन्हा विचारल्यावर हसला. "चिकनच्या दुकानातली पिसं, आतडी. शिजवून दळलेली. वाया कशाला घालवायचं?" घरात लग्न होतं तेव्हाचा दिवस आठवला. बाबांनी कापलेल्या कोंबड्यांची आतडी उरलेल्या कोंबड्यांपुढे फेकली, आणि त्या कशा तुटून पडल्या! तू चुलीपुढून पळी घेऊनच धावत आलीस. "अवो, तिचंच गोत तिला चारता? माझ्या दारात नाय चालायचं." पाहुण्यांदेखत सगळं गोळा करून तू परसात पुरलंस.

आमचे हे म्हणाले, "सगळेच घालतात. पक्ष्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना," म्हटलं, आणि गोणी परत पाठवली.

पण पक्ष्यांना काहीतरी घालायला हवंच. मुरबाडला एक जण काळ्या माशीच्या अळ्या पाळतो. त्याच्याकडून बी आणलं, आता शेडमागे टब मांडलेत. हॉटेलचं खरकटं, सडका भाजीपाला त्यात ओतायचा, की दोन-चार दिवसांत सगळा टब वळवळायला लागतो. वास आंबलेल्या भाताचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी. हात घातला तर आतून गरम लागतं गं, तापलेल्या लेकरासारखं. पहिल्या दिवशी मी बांधावर जाऊन ओकले. आता ओकत नाही. अळ्या चाळते, उन्हात वाळवते, दळून थोड्या थोड्या खाद्यात मिसळते. पण जेवताना भाताचं शीत बोटाला चिकटलं की अजून अंगावर काटा येतो.

परवा घरात आपल्याच शेडातला पक्षी शिजला. सून म्हणाली, "आई, तुमाला नको तर डाळ हाय." मी म्हटलं, "वाढ थोडंसं." पहिला घास नुसता तोंडात धरून बसले. मग रस्सा दोनदा मागून घेतला.

हे लिहून झाल्यावर चुलीत घालणार आहे, कारण घरात मी तोंड वाकडं करून "बरं होतं" एवढंच बोलले. तुला खरं सांगते, चव चांगली होती.