जाकुकोपेच्या तळ्याकाठी आधी कोण होतं

जाकुकोपे,
१४ सप्टेंबर १९८७

प्रिय सेनानू,

तुझा आबिजानचा पत्ता एका ट्रक ड्रायव्हरकडून मिळाला. तू खुशाल आहेस असंही तो म्हणाला. बरं वाटलं.

इथे मका बरा आलाय. माझे गुडघे दुखतात. भेंडीचं कालवण अजून दोघांपुरतं होतं हातून. उरलेलं सकाळी खाते.

बाबा गेल्यापासून गाव वसल्याची कथा दर वर्षी मीच सांगत आले. शिकारी जाकू तहानेने व्याकूळ झाला, कुत्र्याच्या ओल्या पावलांमागे तळ्याशी पोचला, तिथेच राहिला. आपण त्याचे वंशज, आणि तळ्यापलीकडचं घर उपरं. याच कथेवर बोट ठेवून बाबांनी तुझं नि जिबोर्दीचं लग्न मोडलं.

तिच्याबद्दल लिहायचं टाळत होते. जिबोर्दी गेली, सेनानू. मागच्या महिन्यात, तापाने, चार दिवसांत. तिने लग्न केलं नव्हतं. शाळेत शिकवायची.

उपऱ्यांना गावाच्या दफनभूमीत जागा नसते. तिची आई गावप्रमुखांच्या दारातून हलेना. तेव्हा वाद मिटावा म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर मला कथा सांगायला लावली. सुरुवात नेहमीचीच केली. मग मी म्हणाले, “जाकू आला तेव्हा तळ्याकाठी एक बाई राहत होती. तिने त्याला तुंब्यातून पाणी पाजलं, राहायला जागा दिली. पलीकडचं घर तिच्या लेकीबाळींचं. उपरे आपण आहोत.”

“कुणी सांगितलं तुला हे?” काकांनी विचारलं.

बाबांनीच सांगितलं होतं. मी वीस वर्षांची होते. जमिनी जातील म्हणून गप्प राहायची शपथ घातली होती.

म्हणजे तू जाण्याआधी. तू निघालास त्या दुपारी मी चुलीपाशी मक्याच्या पिठाचं आक्प्ले घोटत होते. “दावी, जिबोर्दीच्या घराबद्दल बोलतात ते खरं आहे का?” असं तू थोरल्या बहिणीच्या भरवशाने विचारलंस. मी मान वर न करता म्हणाले, “खरंच आहे.” बाबांना तू कधीच मानलं नसतंस. माझ्या शब्दावर गाव सोडलंस.

माझं ऐकून गावप्रमुखांनी खड्डा दफनभूमीच्या आत खणायला सांगितला. जिबोर्दीला आपल्या आत्याशेजारी ठेवलंय. मी तिच्या आईचे हात धरायला गेले. तिने ते काढून घेतले. “अठरा वर्षं कुठे होतं हे तोंड?” एवढंच म्हणाली.

काका आता माझ्याशी बोलत नाहीत. पुढच्या वर्षी कथा त्यांचा मुलगा सांगणार आहे, जुनीच. बाजारात बायका माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवतात. मला त्यांचा राग नाही.

क्षमा मागायला लिहीत नाही. जे गावाच्या आधी तुला कळायला हवं होतं, ते गावाच्या नंतर कळवते आहे.

तुझी थोरली बहीण, हे तरी खोटं नाही,
आमेवुसिका